कौलावरचं १८६५ आणि तुमच्या गावचं स्टेशन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वऱ्हाडातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी नॅरोगेजचं स्टेशन होतं. गाडी बंद पडली. आता चार भिंती, अर्धं छप्पर आणि पाण्याची टाकी उरली आहे. पडलेल्या एका कौलावर तुम्हाला १८६५ हा आकडा सापडला, आणि त्यावरून गावात ‘दीडशे वर्षांपूर्वीचं स्टेशन’ असा फलक लावायचं घाटतंय. तो आकडा धरून चालावं का, आणि स्टेशनचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

मी नॅरोगेजवर लागलो तो मालधक्क्यावरचा कारकून म्हणून, आणि निवृत्त झालो स्टेशन मास्तर म्हणून. त्यानंतर अशी बंद पडलेली स्टेशनं हुडकत फिरणं हाच उद्योग आहे. तुमच्या गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या नॅरोगेज गाडीच्या, मार्गावरच्या बहुतेक स्टेशनांना लागू पडेल, आणि थोडं इकडंतिकडं करून सोलापूरकडच्या बार्शी लाइनलाही.

फलक रंगवायला दिला असेल तर आधी थांबवा. ते कौल मंगळूरचं आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि ते साल कारखान्याच्या शिक्क्याचाच भाग होऊन बसलं. पुढे कित्येक वर्षं भाजलेल्या कौलांवरही तेच साल उमटत राहिलं. कोकणातल्या घरांवर, नगरच्या शाळांवर, नागपूरच्या बंगल्यांवर, सगळीकडे हे १८६५ भेटतं. त्या हिशेबाने निम्मा महाराष्ट्र एकाच वर्षी बांधला असं म्हणावं लागेल! त्या कौलातून काही निघतंच असेल तर उलट बाजूने निघतं. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनचे हे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनचं नाव असलेलं कौल बहुधा युद्धाआधीचं. पण कौलं उतरवून दुसरीकडे चढवतात, त्यामुळे एवढ्यावरही साल ठरवू नका.

शकुंतलेची सालं सरळ आहेत. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची शाखा १९०३ ची. मूर्तिजापूर-अचलपूर, ७६ किलोमीटर, १९१३ ची. पुलगाव-आर्वीचा ३५ किलोमीटरचा फाटा १९१७ चा. तिन्हींचं गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. तुमचं स्टेशन यांपैकी ज्या शाखेवर असेल तिच्या सालाच्या मागे ते जाऊच शकत नाही. पुढे जाऊ शकतं, कारण काही थांबे नंतर उघडले. १८६५ साली वऱ्हाडात नुकती कुठे मोठी लाइन येत होती. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये.

तुमचा खरा इतिहास या दोन सालांच्या मधे आहे. १८६७ ला मोठी लाइन आली, १९०३ ला छोटी. मधली पस्तीसेक वर्षं तुमच्या गावचा कापूस कसा जात होता? बंडीने, म्हणजे बैलगाडीने. दिवाळीनंतर मूर्तिजापूरच्या, धामणगावच्या वाटेवर बंड्यांच्या रांगा लागायच्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तो कापूस बंदरात लवकर पोहोचायला हवा होता. म्हणून आधी पेठांना फाटे जोडले. जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती हे दोन्ही आखूड फाटे त्याच धांदलीतले. खामगावच्या फाट्याचं उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने केलं. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाचं वजन कळतं. यवतमाळसारख्या आतल्या भागाला मात्र स्वस्तातली, हलकी लाइन मिळायला नवं शतक उजाडावं लागलं.

आता माझं म्हणणं सांगतो. काही लोकांना ते पटत नाही, पण तीसेक वर्षं मालधक्क्यावर आणि केबिनमध्ये काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. छोट्या स्टेशनचा इतिहास मालधक्क्यावरून वाचायचा असतो. फलाट, तिकिटाची खिडकी, घंटा, पहिली गाडी, शेवटची गाडी हे सगळं आठवणींना बरं. पण स्टेशन त्या जागी का आलं, एवढंच मोठं का झालं आणि का मेलं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर गोदामात मिळतं. प्रवासी हा नॅरोगेजचा वरखर्च होता. लाइन टाकली मालासाठी.

जागेपासून सुरू करा. तुमचं स्टेशन गावापासून दीड-दोन किलोमीटरवर असणार, आणि म्हातारी माणसं त्याची काहीतरी गोष्ट सांगत असतील. गावच्या पाटलाने जमीन दिली नाही, कुणी शाप दिला, वगैरे. असतीलही त्या गोष्टी. पण लाइन आखणारा इंजिनिअर आधी चढ बघायचा, मग नाला कुठे ओलांडायचा ते, मग पाणी. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचंच, त्यामुळे टाकी असलेलं स्टेशन आणि नसलेलं स्टेशन ही दोन वेगळी कुळं आहेत. तुमच्याकडे टाकी आहे म्हणता. मग जवळपास रेल्वेची विहीरही असेल, बहुधा बुजलेली किंवा कुणाच्या शेतात गेलेली. ती शोधा. पाण्याच्या स्टेशनावर गाडी जास्त वेळ थांबायची. म्हणून तिथे चहाचं दुकान आलं, खलाशांची घरं आली, कधीकधी वस्तीही.

नावाकडेही बघा. ज्या स्टेशनच्या नावात ‘रोड’ आहे ते गावचं नसतं, गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचं असतं. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. १८६० मध्ये मोठी लाइन सोलापूरपर्यंत गेली, पण बार्शीसारखी निजामाच्या मुलखातला माल ओढणारी पेठ वीस-बावीस मैल बाजूला राहिली. पुढची सदतीस वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांतून बार्शी रोडला येत राहिला. जीआयपीत नोकरीला आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने हे हेरलं, १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली, आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी नेली. त्याची युक्ती साधी होती. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलका, स्वस्त रूळ पुरतो. आणि तो पाच टनांचा हिशेब इंजिनापासून वाघिणीपर्यंत, म्हणजे मालडब्यापर्यंत, सगळ्यांना सारखा लावायचा, म्हणजे प्रत्येक वाघीण रुळाला झेपेल तेवढी भरून घेते. हीच लाइन पुढे १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोहोचली. हाच कॅलथ्रॉप उतारवयात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत बसला होता, पण तो विषय वेगळा.

यवतमाळ काय, बार्शी काय, कहाणी एकच. मोठी लाइन पेठेला वळसा घालून गेली आणि छोटीने ती चूक तीस-चाळीस वर्षांनी दुरुस्त केली. तुमच्या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण हे असायला हवं. उद्घाटनाला कोण साहेब आला होता ते नंतर.

आता कागद. इथे विदर्भातल्या माणसाला एक गोष्ट आधी माहीत पाहिजे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात असलं तरी कागदोपत्री निजामाचंच होतं. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे यवतमाळची गाडी आणि हा बदल एकाच वर्षी. त्यामुळे त्या आधीचा पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या दप्तरात आणि नंतरचा मध्य प्रांताच्या दप्तरात, असा तो विभागलेला आहे. नागपूरचं विदर्भ अभिलेखागार हे तुमचं पहिलं ठिकाण. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं अभिलेखागार नंतर बघा; बार्शीवाल्यांनी मात्र उलट करावं, आधी मुंबई, आणि बार्शीच्या पुढची स्टेशनं निजामाच्या हद्दीत होती म्हणून मग हैदराबाद. तिथे करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, कागद मिळाले तर कोणत्या स्टेशनातून काय माल आत-बाहेर गेला ते आयतं हाती लागतं.

जिल्हा गॅझेटिअर सगळेच बघतात आणि सगळेच निराश होतात, कारण स्टेशनचा उल्लेख एका ओळीचा असतो. ते वाचायची रीत वेगळी आहे. वर्धा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १९०६ चं, आर्वीचा फाटा १९१७ चा. म्हणजे त्यात आर्वीचं स्टेशन नाहीच. पण गाडी येण्याआधी आर्वीचा बाजार कसा होता, पक्का रस्ता कुठपर्यंत होता, जिन (कापसातून सरकी काढायचे कारखाने) किती होते, हे त्यातच मिळणार. स्टेशन येण्याआधीचं पुस्तक हे स्टेशन आल्यानंतरच्या पुस्तकाइतकंच कामाचं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात मात्र जरूर जा. मी तर अभिलेखागाराआधी तिथेच जातो. गावच्या जुन्या नकाशावर रेल्वेची पट्टी अगदी ठसठशीत दिसते: शेतांच्या चौकोनांना कापत गेलेला लांबट, बारीक सर्व्हे नंबर, आणि स्टेशनपाशी तोच फुगलेला. तो फुगवटा मोजा. स्टेशनसाठी किती जमीन घेतली होती यावरून कंपनीच्या मनात काय होतं ते कळतं. काही ठिकाणी आज दोन खोल्यांचं स्टेशन दिसतं आणि नकाशात यार्ड पाच-सहा एकरांचं असतं. म्हणजे तिथे तिसरी सायडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ), गुरांचा धक्का, जिनकडे जाणारा रूळ असं काहीतरी होतं किंवा योजलेलं तरी होतं. गटवारी झाली असेल तर नंबर बदललेले असतील, जुन्या-नव्याचा मेळ घालून घ्या. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली असेल तर निवाड्याचे कागद कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात असू शकतात. त्यात कुणाची किती जमीन गेली, आंब्याची झाडं किती होती, सगळं येतं.

मालकीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण गावात तो निघणारच. ‘ही लाइन अजून इंग्रजांची आहे’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. यात तथ्य आहे, पण वाकडं. लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. गाड्या चालवायची जीआयपी, पुढे १९५१ पासून मध्य रेल्वे, आणि उत्पन्नातला वाटा करारानुसार कंपनीला. बाकीच्या खासगी लाइनी सरकारने घेतल्या. बार्शी लाइट १ जानेवारी १९५४ ला सरकारजमा झाली. ही तेवढी राहून गेली. किलिक निक्सन हे नाव ऐकून लोकांना लंडन आठवतं, पण ती पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेलेली आहे. मालक एक आणि चालवणारा दुसरा, या व्यवस्थेचा परिणाम तुमच्या स्टेशनच्या भिंतीवर दिसतो. दुरुस्तीचा पैसा कोणी घालायचा हे स्पष्ट नसलं की कौल पडलेलं पडलेलंच राहतं.

आता प्रत्यक्ष जागेवर काय वाचायचं ते. रूळ उरला असेल तर त्याच्या मधल्या पट्टीवर, चिखल खरवडून, उठावाची अक्षरं बघा: कारखान्याचं नाव, साल, कधी दर यार्डाला किती पौंड ते. फार मोहात पाडणारी गोष्ट आहे ही. आणि इथेच मी एकदा तोंडावर आपटलोय. एका गावच्या शाळेची स्मरणिका निघत होती, त्यांना मी रुळावरचं साल बघून स्टेशनचं साल छातीठोकपणे सांगितलं, त्यांनी छापलं. वर्षभराने जुनं वेळापत्रक हाती आलं तर स्टेशन रुळापेक्षा बरंच तरुण निघालं. सायडिंगला नवा रूळ कोण घालतं? मेन लाइनवर झिजलेला उचलून आणून टाकतात. रुळावरचं साल हे रुळाचं जन्मसाल, स्टेशनचं नव्हे. माझं नाव अजून त्या स्मरणिकेत आहे.

तिकिटं त्या मानाने प्रामाणिक. जुन्या घरांत, पोथीत खूण म्हणून ठेवलेलं पुठ्ठ्याचं तिकीट हमखास सापडतं. सव्वादोन इंच लांब, कडेला छापील नंबर, आणि तारखेच्या यंत्राने दाबलेला ठसा. ठसा पुसला असला तरी वय काढता येतं. भाडं आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते ६४. तिसरा वर्ग लिहिला असेल तर १९७४ च्या आधीचं, कारण त्या वर्षी तिसरा वर्गच गेला. वर जीआयपी असेल तर १९५१ च्या आधीचं. दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या की बऱ्यापैकी नेमका काळ ठरतो. तिकिटांचे नंबर ओळीने चढत जातात, आणि ते संपले की नवा गठ्ठा. एकाच वाटेची दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं मिळाली, आणि मधे गठ्ठा बदललेला नसला, तर मधल्या काळात किती विकली गेली तेसुद्धा वजाबाकीने निघतं. मला हे एकदाच साधलंय, पण त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

वेळापत्रक मिळालं तर एक खबरदारी. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चालायच्या, जी आजच्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं मागे. यवतमाळ शाखेची पहिली दोन-तीन वर्षं त्या वेळेतली. नऊ मिनिटांनी काही बिघडत नाही, पण ‘गाडी दहा मिनिटं उशिरा सुटू लागली’ असा शोध लावू नका. एकाने लावला होता.

स्टेशनचा सांकेतिक कोडही जपून ठेवा. अचलपूरचा कोड आजही ईएलपी आहे. त्यातलं पहिलं ‘ई’ हे अक्षर अचलपूरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नाहीच, कारण तो कोड एलिचपूरचा आहे. गावाचं नाव बदललं, पाटी बदलली, तारयंत्रासाठी ठरलेली तीन अक्षरं तशीच राहिली. तुमच्या गावच्या नावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग काय होतं ते कोडवरून कळू शकतं, आणि जुन्या कागदांत नाव शोधायचं तर तेच स्पेलिंग लागतं. यवतमाळ शोधत बसाल तर काही मिळणार नाही. इंग्रजीत ‘Yeotmal’ असं त्या वेळी लिहीत.

आता माणसं. लोक जातात आणि विचारतात, ‘आजोबा, स्टेशन कधी बांधलं?’ आजोबांना कसं माहीत असेल? ते त्यांच्या जन्माआधी बांधलंय. मग ते ऐकीव साल सांगतात आणि तुम्ही ते लिहून घेता. त्यांना असं विचारा: परीक्षेला कोणत्या गाडीने गेलात? लग्नाचं वऱ्हाड आलं तेव्हा गाडी किती उशिरा होती? गँगमन कोणत्या आळीत राहायचे? उत्तरं भराभर येतात आणि त्यात वेळापत्रक दडलेलं असतं. शेवटच्या काळात तर गार्डच खाली उतरून तिकिटं देत असे, इंजिन सोडा-जोडायलाही तोच हजर. हे ज्यांनी पाहिलंय ते सगळे अजून आहेत. वाफेचं इंजिनही अनेकांनी पाहिलंय. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं इंजिन या लाइनवर १९२३ ला आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. म्हणजे सत्तरी ओलांडून. ‘गांधीजी आमच्या स्टेशनवर उतरले होते’ हे प्रत्येक गावी ऐकायला मिळतं, विशेषतः सेवाग्रामच्या आसपास. खरं असू शकतं. गांधीजींच्या मुक्कामांची दिनवारी छापील आहे, तारीख ताडून बघा, मगच छापा.

पण सगळ्यांत आधी कोणाकडे जाल, तर हुंडेकऱ्याच्या घरी. दर मालधक्क्याला एक-दोन हुंडेकरी असायचेच. माल उतरवून घेणं, बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वे पावती, सोडवणं, बंड्या लावून देणं हा त्यांचा धंदा. स्टेशनचे रेकॉर्ड रेल्वेने मुदत संपली की फाडून टाकले, ते नियमानेच होतं. हुंडेकऱ्याच्या चोपड्या मात्र माळ्यावर असतात, कारण चोपडी जाळणं अशुभ.

एका घरात मला अशा अकरा चोपड्या मिळाल्या, लाल कापडाच्या, सुतळीने बांधलेल्या. पहिल्या पानावर हळदी-कुंकवाचा डाग, आत मोडीवळणाची बाळबोध. दिवाळी ते होळी पानं गच्च भरलेली: रुईच्या गाठी, सरकी, कुणाच्या जिनमधून, कोणत्या तारखेला, ‘पेड’ की ‘टूपे’, म्हणजे भाडं आधी भरलेलं की माल पोहोचल्यावर भरायचं. परतीच्या बाजूला मीठ, गूळ, रॉकेल, लोखंडी पत्रे. मृगानंतर मात्र चार ओळींत महिना संपलेला. एका नोंदीपुढे ‘गाठ १ ओली, वाद’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. मी मालधक्क्यावर काम केलंय, त्यामुळे तो वाद काय झाला असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. बंद गोदामातली गाठ ओली कशी, हा प्रश्न कारकुनाला विचारायचा आणि कारकून छपराकडे बोट दाखवायचा.

पुढच्या चोपड्यांत समासात एक नवीन खूण सुरू होते. ‘रे.’ आणि ‘मो.’ रेल्वेने आणि मोटारीने. आधी पानात एखादा ‘मो.’, तोही पावसाळ्यात वाघीण मिळाली नाही म्हणून. मग निम्मे. मग ‘रे.’ शोधावा लागतो. शेवटच्या चोपडीत ती खूणच नाही, कारण वेगळं दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अक्षर सगळीकडे एकाच माणसाचं. त्या स्टेशनवर प्रवासी गाडी यानंतरही बरीच वर्षं येत राहिली, पण स्टेशन या चोपडीत संपलेलं होतं.

असं का झालं याला लॉरी एकटी कारण नव्हती. नॅरोगेजचा माल जंक्शनला मोठ्या वाघिणीत हाताने भरावा लागायचा. प्रत्येक गाठ दोनदा उचलायची, दोनदा हमाली, दोनदा फाटायची भीती. लॉरी जिनच्या दारातून थेट गिरणीच्या दारात. त्यातून रेल्वेनेच पुढे सुटा माल आणि एकेक-दोनदोन वाघिणींचा माल घेणं कमी केलं. पुरी मालगाडी भरणारं गिऱ्हाईक हवं असं धोरण आलं. तुमच्या स्टेशनवर पुरी मालगाडी कधी भरली असती? प्रवाशांचं पाणी तर आधीच वळायला लागलं होतं. जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती गावोगाव पोहोचली. १९६९ मध्ये तोट्यातल्या शाखांचा विचार करायला समिती बसली. १९९२ मध्ये एकच गेज करण्याचं धोरण आलं. बार्शी लाइनला त्यात मोठे रूळ मिळाले, आणि ते मिळताना नवी लाइन वळसा घेऊन उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, शिवून गेली. आधी ते जिल्ह्याचं ठिकाण नॅरोगेजच्या बाजूला पडलं होतं. म्हणजे काही गावांना पुन्हा स्टेशन मिळालं आणि काहींचं पुन्हा हुकलं. शकुंतलेला तेवढंही मिळालं नाही.

स्टेशन एका दिवसात बंद होत नाही हे लिहिताना ध्यानात ठेवा. आधी मालाचं बुकिंग बंद. मग लूप उचलतात, म्हणजे दोन गाड्यांचं क्रॉसिंग होत नाही. मग सिग्नल उतरतात. मास्तर जातो, सांधेवाला जातो, तिकिटं कमिशनवर विकणारा हॉल्टचा ठेकेदार येतो. मग तोही येईनासा होतो. यातल्या प्रत्येक पायरीची तारीख असते आणि प्रत्येकीचं परिपत्रक निघालेलं असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, पण ‘स्टेशनचा इतिहास द्या’ असं लिहू नका, त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच येईल. नेमकं मागा: स्टेशनचा जमिनीचा नकाशा, यार्डाचा आराखडा, स्टेशन वर्किंग रूल्सची शेवटची प्रत, माल बुकिंग बंद केल्याची सूचना, हॉल्टमध्ये रूपांतर केल्याचा आदेश. पाचातले दोन मिळाले तरी तुम्ही नशीबवान.

पावसाळ्याआधी एक काम उरका. गोदामात वजनकाटा अजून असेल तर त्याच्या पाटीचा, पायरीच्या दगडावर कोरलेल्या आकड्यांचा आणि मैलाच्या दगडांचा फोटो काढून ठेवा. मूर्तिजापूरपासून मोजलेले मैल त्यांवर असतात, आणि भंगारवाला आणि खदानवाला दोघेही इतिहास लिहून व्हायची वाट बघत नाहीत. आणि ते १८६५ चं कौल उचलून घरी आणा. उलटं करून बघा, कारखान्याचं नाव पूर्ण वाचता येतं का ते. फोटो पाठवलात तर युद्धाआधीचं की नंतरचं, एवढं तरी सांगेन.